कागद-पेन घेऊन पॉइंट्स रेस पाहा: महिलांच्या ट्रॅक सायकलिंगमधल्या शंभर फेऱ्यांचा हिशोब

महिलांची पॉइंट्स रेस पहिल्यांदा पाहताना गोंधळ व्हायचाच. वीस-बावीस जणी शंभर फेऱ्या मारतात, शेवटी कुणीतरी सगळ्यांच्या आधी रेषा ओलांडते, आपण टाळ्या वाजवतो आणि फलकावर पहिलं नाव भलतीचंच झळकतं. मधल्या अर्ध्या तासात नेमकं काय झालं, हे निवेदकाच्या घाईघाईच्या बोलण्यातून हाती लागत नाही. बरेच जण इथेच कंटाळतात आणि स्प्रिंट किंवा कीरिनसारख्या छोट्या, वेगवान शर्यतींकडे वळतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ट्रॅकवरच्या सगळ्या शर्यतींमध्ये डोक्याचा आणि पायांचा इतका एकत्र कस लावणारी दुसरी शर्यत मला माहीत नाही.

उपाय साधा आहे. एक कोरा कागद, दोन रंगांची पेनं आणि थोडी पूर्वतयारी. या शर्यतीत जिचे गुण सगळ्यात जास्त ती जिंकते, म्हणून कोण पुढे आहे ते ट्रॅककडे बघून कळत नाही, हिशोबाकडे बघून कळतं. हिशोब स्वतः मांडायला लागलात की प्रत्येक हल्ल्यामागचं कारण आपोआप उलगडायला लागतं.

पायरी १: ट्रॅक ओळखून घ्या

जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २५० मीटरच्या लाकडी ट्रॅकवर होते. दोन सरळ भाग, दोन वळणं. वळणांवर ट्रॅक भिंतीसारखा वर चढलेला असतो. सायकलींना ब्रेक नसतात आणि एकच गिअर असतो. मागचं चाक फिरतंय तोवर पेडल फिरत राहतं, म्हणजे दमलं म्हणून पाय थांबवून नुसतं घरंगळत जायची सोय नाही.

तीन रेषा लक्षात ठेवा. आतल्या कडेपासून २० सेंटीमीटरवर काळी रेषा असते, फेरीचं अंतर तिच्यावर मोजतात. त्याच्या वर लाल रेषा. काळ्या-लाल रेषांमधला पट्टा म्हणजे स्प्रिंटची, म्हणजे रेषेकडे पूर्ण जोर लावून झेपावण्याची, जागा. स्प्रिंट सुरू झाल्यावर एखादी त्या पट्ट्यात असेल तर तिला आतून ओलांडता येत नाही, बाहेरून जास्त अंतर कापूनच पुढे जावं लागतं. आणखी वर निळी रेषा. ज्या थोडा वेळ दम खातात, वर जाऊन टेहळणी करतात किंवा उतारावरून खाली झेपावण्याची संधी शोधतात, त्या बहुतेक निळ्या रेषेच्या आसपास दिसतात. एखादी अनुभवी सायकलपटू उगाचच उंच चढलेली दिसली तर नजर तिच्यावर ठेवा. उंचीवरून खाली येताना फुकटचा वेग मिळतो आणि बहुतेक हल्ले तिथूनच होतात.

पायरी २: कागद आखा

एलिट महिलांची जागतिक स्पर्धेतली पॉइंट्स रेस २५ किलोमीटरची, म्हणजे १०० फेऱ्यांची. दर दहा फेऱ्यांनी एक स्प्रिंट, एकूण दहा. प्रत्येक स्प्रिंटमध्ये रेषा ओलांडणाऱ्या पहिल्या चौघींना ५, ३, २ आणि १ गुण. शेवटच्या स्प्रिंटला दुप्पट, म्हणजे १०, ६, ४, २. मुख्य जथ्यापासून निसटून, पूर्ण एक फेरी जास्त मारून जी जथ्याची शेपटी गाठते तिला एकरकमी २० गुण; यालाच फेरी घेणं म्हणतात. जी मागे पडते आणि जिला जथा एका फेरीने गाठतो तिचे २० वजा.

फेऱ्यांचा फलक उलटा मोजत येतो, म्हणून कागदावरच्या रकान्यांची नावंही तशीच द्या: ९०, ८०, ७० अशी शून्यापर्यंत. डावीकडे सायकलपटूचा क्रमांक आणि देश. सगळ्या बावीस जणींची नावं आधीच लिहीत बसू नका. गुण मिळाला की तिची ओळ सुरू करा. साधारण निम्म्या जणींना अख्ख्या शर्यतीत एखाद-दुसरा गुणही मिळत नाही आणि कागद नाहक भरतो. स्प्रिंटचे गुण निळ्या पेनाने, फेरीचे २० लाल पेनाने. लाल आकडे वेगळे का, ते पुढे कळेल.

प्रत्येक स्पर्धेत फेऱ्या किती आहेत हे प्रारंभ-यादीत पाहून घ्यायची सवय लावा. ऑम्नियमच्या (चार शर्यतींच्या एकत्रित गुणांवर ठरणाऱ्या स्पर्धेच्या) शेवटी होणारी महिलांची पॉइंट्स रेस टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये ८० फेऱ्यांची होती. पुरुषांची जागतिक स्पर्धेतली ४० किलोमीटरची, १६० फेऱ्यांची आणि १६ स्प्रिंटची असते.

या फरकाचा एक परिणाम सहसा कुणी सांगत नाही. महिलांच्या शर्यतीत स्प्रिंटचे सगळे मिळून १२१ गुण वाटले जातात: नऊ स्प्रिंटचे प्रत्येकी ११ आणि शेवटचे २२. पुरुषांच्या शर्यतीत १८७. फेरीचे २० मात्र दोन्हीकडे तेवढेच. म्हणजे महिलांच्या शर्यतीत एका फेरीचं वजन सगळ्या स्प्रिंट-गुणांच्या साडेसोळा टक्क्यांएवढं, तर पुरुषांच्या शर्यतीत पावणेअकरा टक्क्यांच्या घरात. महिलांच्या शर्यतीत फेरी घेणारीला रोखून धरण्याची धडपड इतकी तीव्र का असते, त्याचं निम्मं उत्तर या भागाकारात आहे.

पायरी ३: पहिल्या तीस फेऱ्या ऐकाव्यात तशा पाहा

सुरुवातीला निम्म्या जणी वरच्या कठड्याला धरून उभ्या असतात, निम्म्या खाली आतल्या बाजूला एका ओळीत. एक फेरी मोजणीत न धरता सावकाश मारतात, सगळा जथा एकत्र येतो आणि मग चालत्या सायकलींवरच शर्यत सुरू होते.

सुरुवातीच्या दोन-तीन स्प्रिंटवरून निकालाचे अंदाज बांधू नका. या टप्प्यात बघायचं ते एवढंच की कोण कुणाच्या चाकामागे आहे. ताशी ४५-५० किलोमीटरच्या वेगात सायकलपटूची सगळ्यात जास्त ताकद हवा कापण्यात जाते. दुसरीच्या मागच्या चाकाला चिकटून राहिलं की ती ताकद बरीच वाचते. त्यामुळे पुढे असलेली सतत वर सरकते, मागचीला पुढे येऊ देते आणि स्वतः ओळीत खाली जागा शोधते. जी पहिल्या तीस फेऱ्यांत नेहमी तिसऱ्या ते आठव्या जागेवर दिसते ती शर्यत चांगली वाचते आहे असं समजा. जी सतत शेवटच्या पाचांत आहे तिला प्रत्येक वेगवाढीला जथ्याच्या लांबीएवढं अंतर भरून काढावं लागतं आणि सत्तराव्या फेरीला तिचे पाय संपलेले असतात.

पायरी ४: घंटा वाजली की कुठे बघायचं

प्रत्येक स्प्रिंटच्या आधीच्या फेरीला घंटा वाजते. तोवर सगळ्यांची नजर पुढच्या दोघींवर खिळलेली असते. तुम्ही मात्र पहिल्या सहा जणींकडे बघा, कारण गुण चौघींना मिळतात आणि पाचवी-सहावी कोण होती हे पुढच्या मिनिटासाठी महत्त्वाचं असतं.

रेषा ओलांडल्यावर आकडे पुढच्या स्प्रिंटच्या आत लिहा. ताशी ४८ किलोमीटरच्या वेगाने दहा फेऱ्यांना तीन मिनिटं आणि सात-आठ सेकंद लागतात. एवढा वेळ पुरेसा आहे, पण गुण लिहिण्यात डोकं खाली घालून बसलात तर शर्यतीतला सगळ्यात महत्त्वाचा क्षण चुकतो. तो क्षण म्हणजे स्प्रिंट संपल्यानंतरची पहिली फेरी. नुकत्याच झुंजलेल्या चौघी धापा टाकत वर सरकतात, वेग पडतो, आणि जिने त्या स्प्रिंटमध्ये भाग घेतलाच नव्हता अशी एखादी त्यांच्या शेजारून सुसाट निघून जाते. म्हणून आधी एक फेरी बघा, मग आकडे लिहा. प्रक्षेपणात कोपऱ्यात गुणफलक येतोच, त्याच्याशी नंतर पडताळून घेता येतं.

प्रत्येक स्प्रिंट लढायची नसते, हेही कागदावर दिसायला लागेल. काही जणी ठरवून एकआड एक स्प्रिंट लढतात. काहींना पहिल्या क्रमांकासाठी जीव काढण्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या जागेचे तीन-दोन गुण कमी खर्चात परवडतात. पाचवेळा दुसरी आलेली १५ गुणांवर असते, तीनवेळा पहिली आलेलीही १५ वरच. दोघींच्या पायांत उरलेली ताकद सारखी असेलच असं नाही.

पायरी ५: फेरी कशी घेतली जाते

इथे जरा रेंगाळू या, कारण पॉइंट्स रेसचा गाभा हाच आहे. कबड्डीत लोण चढवल्यावर सामन्याचा तोल जसा एकदम कलतो, तशी एक फेरी इथला हिशोब पालटते. चार स्प्रिंट निर्विवाद जिंकून जेवढे गुण मिळतात तेवढे एका फेरीत येतात.

आधी गणित बघा. जथा ताशी ४८ ने चाललाय आणि निसटलेली ५२ ने. फरक ताशी चार किलोमीटर. पूर्ण २५० मीटर भरून काढायला तिला पावणेचार मिनिटं आणि तेरा फेऱ्या लागतील. तेरा फेऱ्या एकटीने ५२ चा वेग धरायचा, तोही आधीच दमलेल्या पायांनी, हे फार थोड्या जणींना जमतं. पण तिला जथ्याचं तोंड गाठायचं नसतं, शेपटी गाठायची असते. जथा एका ओळीत ताणला गेला असेल आणि साठ मीटर लांब झाला असेल, तर भरायचं अंतर १९० मीटरच राहतं आणि तेरा फेऱ्यांचं काम दहा फेऱ्यांत होतं. म्हणूनच जथ्याचा आकार बघत राहा. तो लांब आणि बारीक असेल तर वेग चांगला आहे पण शेपटी जवळ आहे. तो रुंद पसरलाय, सगळ्या एकमेकींकडे बघताहेत, कुणीच पुढे येत नाही, असं असेल तर शेपटी दूर आहे पण वेग पडलाय. निसटलेलीला यापैकी दुसरी स्थिती जास्त फायद्याची.

एकटीपेक्षा तिघी-चौघींचा गट बरा. आळीपाळीने हवा कापली की प्रत्येकीला विसावा मिळतो. पण कुठल्या तिघी-चौघी, हा खरा प्रश्न. गटात सध्याची पहिल्या क्रमांकाची सायकलपटू असेल तर बाकीच्या तिला मदत करायला नाखूश असतात. तिच्यासकट फेरी घेऊन आपला फायदा काय, असं त्यांना वाटतं. आणि ती गटात नसेल तर मागे जथ्यात तिलाच पुढे येऊन पाठलाग करावा लागतो, कारण नुकसान सगळ्यात जास्त तिचं. बाकीच्या तिच्या चाकामागे आरामात बसतात. हा पेच ज्याला दिसायला लागला त्याला ही शर्यत कधी कंटाळवाणी वाटणार नाही.

वाटेत स्प्रिंट आली की निसटलेल्यांचा फायदा दुहेरी होतो. दहा-बारा फेऱ्यांच्या प्रयत्नात एक स्प्रिंट लागतेच. दोघी पुढे असतील तर ५ आणि ३ त्यांच्याच, जथ्याला उरतात २ आणि १. त्यातली पहिली पुढे शेपटी गाठू शकली तर तिच्या खात्यात दहा-बारा फेऱ्यांत २५ गुण जमा होतात.

अंतर किती भरलं हे पडद्यावर ओळखायची एक खूण सांगतो. निसटलेली एका सरळ भागाच्या मधोमध असताना जथ्याचं तोंड समोरच्या सरळ भागाच्या मधोमध असेल, तर अर्धी फेरी झाली. इथवर जथा तिला पकडू शकतो. यापुढे तिला समोर शेपटी दिसायला लागते आणि पाठलाग करणाऱ्यांच्या मनात विचार सुरू होतो, की आता ताकद घालवायची की पुढच्या स्प्रिंटसाठी वाचवायची. शेपटीला पोहोचली की पंच फेरी मान्य करतात आणि २० गुण तिथल्या तिथे मिळतात. लाल पेन काढा.

फेरी घेतलेली आता जथ्याच्या अगदी मागे आहे आणि थकलेली आहे. पुढच्या स्प्रिंटला ती पुढे येते का, की दोन स्प्रिंट सोडून देते, हे टिपून ठेवा. शेवटच्या वीस फेऱ्यांत तिची अवस्था काय असेल याचा अंदाज त्यावरून येतो.

पूर्वी फेरीचं महत्त्व याहूनही मोठं होतं. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये आधी फेऱ्या मोजायचे आणि गुण नंतर. त्या वेळी पुरुषांच्या शर्यतीत स्पेनच्या हुआन यानेरासने १४ गुणांवर सुवर्ण जिंकलं. उरुग्वेच्या मिल्टन वायनांट्सचे गुण १८ होते, पण तो एक फेरी मागे होता. फेरीचे २० गुण धरायला लागल्यापासून स्प्रिंट लढणारीलाही जिंकण्याची वाट मोकळी झाली. मला हा बदल योग्य वाटतो. त्यामुळे दोन वेगळ्या स्वभावाच्या सायकलपटू एकाच शर्यतीत खरोखर बरोबरीने लढू शकतात.

पायरी ६: एक खरा निकाल कागदावर मांडून बघा

बीजिंग ऑलिंपिक, १८ ऑगस्ट २००८, लाओशान वेलोड्रोम (सायकल शर्यतींचा ट्रॅक). महिलांची पॉइंट्स रेस, २५ किलोमीटर, दहा स्प्रिंट. तेव्हा शेवटच्या स्प्रिंटला दुप्पट गुण नव्हते. नेदरलँड्सची मारियाने व्होस ३० गुणांनी पहिली, क्यूबाची योआन्का गोन्झालेझ १८ गुणांनी दुसरी, स्पेनची लेइरे ओलाबेरिया १३ गुणांनी तिसरी.

आता लाल आणि निळं वेगळं करा. व्होसच्या ३० मधले २० लाल आहेत, म्हणजे तिने एक फेरी घेतली होती. स्प्रिंटमधून तिने कमावले फक्त १०. गोन्झालेझचे सगळे १८ निळे आणि ओलाबेरियाचे सगळे १३ निळे. नुसत्या स्प्रिंटवर निकाल लागला असता तर व्होस या दोघींच्याही मागे राहिली असती. म्हणजे तिच्या सुवर्णपदकाचं मूळ त्या एका निसटण्यात आहे.

एकवीस वर्षांच्या व्होसला फेरी घेता आली ती केवळ ताकदीमुळे, असं मी म्हणणार नाही. त्याच वर्षी मँचेस्टरला ती या शर्यतीत जगज्जेती झाली होती, म्हणजे तिच्यावर सगळ्यांचं लक्ष होतंच. अशा सायकलपटूला निसटायचं असेल तर वेळ अचूक साधावी लागते: बाकीच्या नुकत्याच दमलेल्या, एकमेकींकडे बघणाऱ्या, आणि पाठलागाची जबाबदारी कुणीच न घेणाऱ्या. दोन रंगांच्या पेनाचा आग्रह मी याचसाठी धरतो. नुसती बेरीज ३० आणि १८ दाखवते. रंग सांगतात की दोघी वेगवेगळ्या शर्यती लढल्या.

बीजिंगनंतर ही शर्यत स्वतंत्रपणे ऑलिंपिकमध्ये राहिली नाही. महिलांसाठी ती १९९६ च्या अटलांटापासून होती आणि पहिलं सुवर्ण फ्रान्सच्या नाताली लान्सिएनने जिंकलं होतं. २०१२ पासून तिची जागा ऑम्नियमने घेतली. जागतिक अजिंक्यपदात मात्र ती १९८८ पासून आहे. पहिली विजेती ब्रिटनची सॅली हॉज, बेल्जियममधल्या गेंटला. अलीकडची नावं घ्यायची तर वेल्सची एलिनॉर बार्कर २०१७ आणि २०२० मध्ये जिंकली, बेल्जियमची लोटे कोपेकी २०२१ आणि २०२३ मध्ये. कोपेकीचं २०२३ चं यश मला विशेष वाटतं. ग्लासगोतल्या त्याच स्पर्धेत तिने ट्रॅकवर एलिमिनेशन (जिच्यात मागे राहणारी एकेक करून बाद होत जाते ती शर्यत) आणि पॉइंट्स रेस जिंकली आणि काही दिवसांत रोड रेसचं जगज्जेतेपदही मिळवलं.

पायरी ७: वीस फेऱ्या उरल्या की कागदाकडे बघा

फलक २० वर आला की ट्रॅकवरून नजर काढून अर्धा मिनिट बेरीज करा. एक काल्पनिक पण अगदी नेहमीची परिस्थिती घेऊ. क्रमांक ७ चे ३१ गुण, क्रमांक ११ चे २७, क्रमांक ४ चे १४. दोन स्प्रिंट बाकी.

स्प्रिंटमधून आता जास्तीत जास्त १५ मिळू शकतात, ५ आणि १०. क्रमांक ४ ने दोन्ही जिंकल्या तरी ती २९ वर थांबते. म्हणजे सुवर्णासाठी तिच्यापुढे एकच मार्ग आहे, फेरी. फेरी घेतली की ३४. तिने आत्ता हल्ला केला नाही तर ती कांस्यावर समाधानी आहे असं समजायचं. इकडे ७ ला दोन आघाड्या सांभाळायच्या आहेत: स्प्रिंटमध्ये ११ आणि निसटण्यात ४. म्हणून ती पुढच्या दहा फेऱ्या ४ च्या आसपास राहील.

समजा शेवटून दुसरी स्प्रिंट ११ ने जिंकली आणि ७ दुसरी आली. आता ३४ विरुद्ध ३२. दोन गुणांची आघाडी ऐकायला बरी वाटते, पण शेवटच्या स्प्रिंटमध्ये तिचा जवळजवळ काहीच उपयोग नाही. ११ पहिली आणि ७ दुसरी आली तर ४२ विरुद्ध ४०, सुवर्ण ११ चं. ११ दुसरी आणि ७ तिसरी आली तर दोघी ३८ वर, आणि बरोबरी झाली की शेवटच्या स्प्रिंटमध्ये पुढे असलेली जिंकते, म्हणजे पुन्हा ११. तिसरी-चौथी आल्या तरी तेच. थोडक्यात, क्रमांक ११ पहिल्या चौघींत आली तर क्रमांक ७ ला तिच्या पुढेच राहावं लागेल.

आघाडी पाच गुणांची असेल तर चित्र पालटतं. शेवटच्या स्प्रिंटमध्ये लागोपाठच्या दोन जागांमधला सगळ्यात मोठा फरक चार गुणांचा, १० आणि ६ मधला. म्हणून पाच गुणांनी पुढे असलेलीने प्रतिस्पर्ध्याचं मागचं चाक धरून रेषा ओलांडली तरी पुरे. तिला हरवायची गरज नाही, मध्ये कुणाला घुसू द्यायचं नाही एवढंच. एखादी पुढे असूनही शेवटच्या फेरीत पहिल्या जागेसाठी झटत नसेल तर तिला दोष देण्याआधी हा पाचाचा नियम आठवा.

पायरी ८: अडथळे, पडणं, मागे राहणं

इतक्या जवळून चालवताना चाकाला चाक लागतं आणि पडापडी होते. पडलेलीला किंवा पंक्चर झालेलीला नियमाप्रमाणे साधारण १३०० मीटर, म्हणजे २५० च्या ट्रॅकवर पाच फेऱ्या, बाहेर थांबायची मुभा असते आणि परतल्यावर ती जथ्यातल्या आपल्या जागी येते. शेवटच्या किलोमीटरात मात्र परत येता येत नाही. त्यामुळे कागदावरची एखादी ओळ बराच वेळ कोरी राहिली तर घाईने काट मारू नका. ती बाहेर थांबलेली असू शकते.

उणे २० लाल पेनानेच लिहा. मागे पडलेल्यांना पंच ट्रॅकवरून उतरायलाही सांगू शकतात.

पायरी ९: ऑम्नियममध्ये हीच शर्यत

ऑम्नियममध्ये स्क्रॅच (शेवटी रेषा आधी ओलांडणारी जिंकते), टेम्पो (जवळजवळ प्रत्येक फेरीला गुण) आणि एलिमिनेशननंतर पॉइंट्स रेस शेवटी येते. आधीच्या तिन्ही शर्यतींत पहिलीला ४०, दुसरीला ३८, तिसरीला ३६ असे गुण मिळतात. ती बेरीज घेऊनच सगळ्या पॉइंट्स रेसला उतरतात आणि इथले गुण त्यातच मिळवले जातात. त्यामुळे कागदावर पहिला रकाना आणलेल्या गुणांचा ठेवा. अमेरिकेची जेनिफर व्हॅलेंटे टोकियो आणि पॅरिस अशी दोन्ही ऑलिंपिक सुवर्णं याच पद्धतीने जिंकली. आणलेली आघाडी मोठी असली तरी एक फेरी आणि दोन बऱ्या स्प्रिंट तिला गिळू शकतात, म्हणून आघाडीवरच्या सायकलपटूची शर्यत बहुतांशी पाठलाग आणि पहारा यांत जाते.

पायरी १०: ज्यांना स्वतः उतरायचं आहे त्यांच्यासाठी

पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात उघड्यावरचा वेलोड्रोम आहे. दिल्लीच्या इंदिरा गांधी संकुलातला २५० मीटरचा बंदिस्त लाकडी ट्रॅक २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या निमित्ताने झाला. रस्त्यावर चांगली चालवणाऱ्या मुलींना पॉइंट्स रेस मानवते, कारण दम त्यांच्याकडे असतो. कमी पडतं ते एका गिअरवरचं कौशल्य आणि गर्दीतली सवय.

सराव गटात करा. सहा-सात जणी मिळून वीस फेऱ्या चालवा, दर पाच फेऱ्यांनी स्प्रिंट लावा आणि स्प्रिंटनंतर कुणालाही वेग कमी करू देऊ नका. दमलेल्या पायांवर दुसरा हल्ला पेलायची सवय याच सरावातून लागते. पेडल सतत फिरत असतं आणि ब्रेक नसतो, त्यामुळे वेग कमी करायचा म्हणजे उतारावर थोडं वर चढायचं. हे अंगवळणी पडेपर्यंत गर्दीत शिरू नका. वर किंवा खाली सरकण्याआधी खांद्यावरून मागे बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. आतून कुणी येत नाही ना, ही खात्री तुमच्या इतकीच मागचीच्या हाडांसाठीही गरजेची आहे.

हिशोबाचा सरावही तितकाच करा. धापा टाकत असताना "मी १२, ती १५, दोन स्प्रिंट बाकी" एवढं डोक्यात ठेवणं वाटतं त्याहून अवघड आहे. ट्रॅकबाहेर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाचा आवाज प्रत्येक वेळी पोहोचेलच असं नाही. सरावाच्या शेवटी प्रत्येकीने आपले आणि आणखी दोघींचे गुण न बघता सांगायचे, मग कागदाशी ताडून पाहायचं.

मोठ्या स्पर्धांचं स्प्रिंटनिहाय निकालपत्रक शर्यतीनंतर प्रसिद्ध होतं. सुरुवात करायला एखादी जुनी जागतिक शर्यत घ्या, निकाल न बघता तिची ध्वनिचित्रफीत पूर्ण बघत स्वतःचा कागद भरा आणि मग अधिकृत पत्रकाशी ओळीओळीने जुळवा. जिथे तुमचा आकडा चुकला असेल तिथे चित्रफीत मागे न्या. बहुतेक वेळा तुम्ही स्प्रिंटच्या रेषेकडे बघत असताना मागून कुणीतरी शेपटीला जाऊन भिडलेली असते.